ठळक अक्षर कोणाचे?

अक्षराला जात नसते, असे आम्हाला अनेकदा ऐकवले जाते. मान्य आहे. 'अ' कोणीही लिहिला तरी तो 'अ'च असतो. पण तो 'अ' किती मोठा छापायचा, कुठे छापायचा आणि कोणाच्या नावाच्या आरंभी छापायचा, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला या देशात जात होती आणि आजही आहे. म्हणून आज आम्ही एका अशा विषयावर लिहीत आहोत, जो आपल्या चळवळीत सहसा चर्चेला येत नाही. तो विषय म्हणजे ठळक टाइप. पोस्टरवर, मथळ्यात, नामफलकावर आणि आता फ्लेक्सवर दिसणारे जाडजूड अक्षर.

हा विषय डिझायनर मंडळींचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. संबंध आहे. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरच नाकारले गेले, त्या समाजाने अक्षराच्या आकाराचाही हिशोब मागितला पाहिजे. ठळक काय करायचे आणि बारीक काय ठेवायचे हे ठरवणे म्हणजेच संपादन, आणि संपादन ही सत्ता आहे. बाबासाहेबांनी ही सत्ता हातात घेतली होती. आपण ती हळूहळू सोडून देत आहोत, हे आमचे म्हणणे आहे.

जाड पायांचे अक्षर

आधी या अक्षराचा इतिहास समजून घेऊ. रोमन अक्षराच्या टोकाला जी छोटी आडवी रेघ असते तिला सेरिफ म्हणतात. सोप्या मराठीत त्याला अक्षराचा पाय म्हणू. पुस्तकांच्या जुन्या टाइपात हे पाय नाजूक असत आणि अक्षरात एक रेघ जाड तर दुसरी बारीक असे. 1815 च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स या टाइप ओतणाऱ्या कारागिराने 'अँटिक' नावाचा टाइप आणला. त्यात पाय जवळजवळ धडाइतकेच जाड होते, चौकोनी पाटीसारखे. यालाच पुढे स्लॅब सेरिफ हे नाव पडले. नेपोलियनच्या 1798 च्या मोहिमेनंतर युरोपात इजिप्तचे वेड पसरले होते, त्यामुळे लोक या अक्षरांना 'इजिप्शियन' असेही म्हणू लागले. इजिप्तशी त्यांचा दुसरा कसलाही संबंध नव्हता.

हे अक्षर जन्माला आले ते बाजाराच्या गरजेतून. कारखाने सुरू झाले होते, माल खपवायचा होता, लॉटरी आणि नाटकांच्या जाहिराती भिंतीवर लागत होत्या. रस्त्याने चालणाऱ्या माणसाला लांबून दिसेल असे अक्षर हवे होते. पण शिशाचे मोठे खिळे ओतणे महाग आणि ते उचलायलाही जड. 1827 मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स याने लाकडाचे टाइप यंत्राने कोरण्याची पद्धत आणली आणि मोठे अक्षर स्वस्त झाले. 1845 मध्ये लंडनच्या रॉबर्ट बेस्ली याने 'क्लॅरेंडन' आणला. हा टाइप साध्या टाइपाच्या ओळीतच बसवता येत असे. एका ओळीत नेमका एकच शब्द ठळक करायची आज आपल्याला जी सवय आहे, ती रुळायला या टाइपाची मोठी मदत झाली. शब्दकोशात मूळ शब्द जाड आणि अर्थ बारीक, हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

या अक्षराचा स्वभाव ओळखायला कठीण नाही. त्यात तुटण्यासारखी बारीक रेघ नसते. म्हणून कागद हलका असो, शाई जास्त पडो, खिळा झिजलेला असो, अक्षर वाचता येते. गरीब छापखान्याला ते परवडते. पण त्याच्या मर्यादाही आहेत. चार शब्द त्यात छापले तर ते हाक मारते, चारशे शब्द छापले तर डोळे दमतात. आणि एकाच कागदावर सगळेच ठळक केले तर काहीच ठळक राहत नाही. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

त्याच अक्षरात लिलाव, त्याच अक्षरात इशारा

जाड अक्षर स्वतःहून कोणाच्याही बाजूचे नसते. अमेरिकेत गुलामांच्या विक्रीची पोस्टरे अशाच काळ्याभोर जाड अक्षरांत छापली गेली. माणसे विकायला आहेत, ही बातमी लांबून दिसावी म्हणून. आणि एप्रिल 1851 मध्ये बॉस्टन शहरात एक पोस्टर लागले. शहरातल्या काळ्या लोकांना त्यात इशारा होता की पोलीस आणि पहारेकऱ्यांशी बोलू नका, कारण पळून आलेल्या गुलामांना पकडण्याचे काम त्यांच्यावर सोपवले आहे. तेही पोस्टर तशाच जाड अक्षरांत होते. एकाच प्रकारचे खिळे, एकीकडे लिलाव आणि दुसरीकडे माणुसकी. फरक एवढाच की मजकूर कोणी ठरवला.

ज्या 1827 साली लाकडी टाइपाची पद्धत आली, त्याच साली 16 मार्चला न्यूयॉर्कमध्ये 'फ्रीडम्स जर्नल' निघाले. काळ्या लोकांनी स्वतः काढलेले आणि स्वतः चालवलेले ते अमेरिकेतील पहिले वृत्तपत्र. सॅम्युएल कॉर्निश आणि जॉन रसवर्म हे त्याचे संपादक. आमच्या बाजूने दुसरे लोक फार काळ बोलले, आता आम्हीच बोलू, ही त्यांची भूमिका होती. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटले नाही तरच नवल. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. 1946 मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. 1972 मध्ये आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतले. हे नाते जुने आहे.

या नात्यातले एक उदाहरण मुद्दाम सांगतो. 1929 मध्ये जर्मनीत एक स्लॅब सेरिफ टाइप निघाला, त्याला इजिप्तमधल्या प्राचीन शहराचे नाव दिले होते, मेम्फिस. त्याच नावाचे एक शहर अमेरिकेतही आहे. फेब्रुवारी 1968 मध्ये तिथल्या कचरा गाडीच्या यंत्रात सापडून दोन सफाई कामगार मेले आणि सुमारे 1300 काळ्या सफाई कामगारांनी संप केला. त्यांच्या हातातल्या पाट्यांवर पांढऱ्या कागदावर काळ्या ठळक अक्षरांत एकच वाक्य होते: मी माणूस आहे. त्यातल्या 'आहे' या शब्दाखाली रेघ होती. त्या अक्षरांना सेरिफचे पाय नव्हते, पण काम तेच होते. मार्टिन ल्यूथर किंग त्या संपाच्या पाठिंब्यासाठी गेले आणि 4 एप्रिलला तिथेच त्यांची हत्या झाली. सफाई कामगार कोण असतो आणि त्याला माणूस असल्याचे पाटीवर का लिहावे लागते, हे आपल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

देवनागरी लोंबकळते

आता आपल्या लिपीकडे येऊ. रोमन अक्षर पायावर उभे असते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. म्हणून स्लॅब सेरिफ देवनागरीत जशाच्या तशा येत नाही. जाडी द्यायची ती कुठे, हा प्रश्न पडतो. बोरूने लिहिताना आलेली जाड-बारीक रेघ घालवून सगळी रेघ सारखी जाड करावी, तर 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' अशा अक्षरांतल्या पोकळ जागा बुजतात. शिरोरेषा जाड करावी, तर रफार आणि मात्रा चिकटतात. त्यात जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या एका संचाला शेकडो खिळे लागत. प्रत्येक नव्या आकारासाठी ते सगळे पुन्हा ओतायचे. म्हणजे मराठीत मोठे ठळक अक्षर ही पैसेवाल्याची चीज होती.

मुंबईत हे काम ज्यांनी नावारूपाला आणले, त्यांत जावजी दादाजी यांचे नाव पहिले घ्यावे लागते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहान वयात कामाला लागलेला हा माणूस. 1864 मध्ये त्यांनी टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचे टाइप इतके देखणे की संस्कृत ग्रंथांच्या छपाईत निर्णयसागरचे नाव देशभर झाले. कारागिराच्या हाताला आमचा सलाम आहे. पण इतिहास म्हणून हेही नोंदवले पाहिजे की देवनागरीचे सुंदर खिळे मोठ्या प्रमाणावर शास्त्रे, पुराणे आणि काव्ये छापण्यात झिजले. ज्यांना ती शास्त्रे ऐकायचीही बंदी होती, त्यांची मुले ती अक्षरे फक्त दुरून पाहू शकत होती.

पुरुषसूक्तात समाजाच्या देहाची मांडणी आहे. डोक्याला मान आणि पायाला सेवा. कोणी म्हणेल की अक्षराच्या पायाची तुलना या पायाशी करणे ओढून ताणून आहे. आम्ही ती रूपक म्हणूनच करतो. पण रूपक बरोबर बसते. ज्या अक्षरात पाय धडाइतके मजबूत असतात, ते अक्षर लांबून दिसते आणि लवकर झिजत नाही. ज्या समाजात पायाला दुबळे ठेवले जाते, तो समाज कुठे पोहोचला हे आपण पाहतोच आहोत.

मूकनायकाचे शीर्ष

31 जानेवारी 1920 रोजी मुंबईत 'मूकनायक' निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. शीर्षभागी तुकोबांचा अभंग होता. हे पाक्षिक निघणार अशी जाहिरात 'केसरी'ने छापावी, म्हणून विचारणा झाली. फुकट नव्हे, पैसे देऊन. 'केसरी'ने नकार दिला. लोकमान्य तेव्हा हयात होते. ही हकीकत आपल्याकडे नेहमी सांगितली जाते, पण तिचा छपाईच्या दृष्टीने अर्थ काय? पैसे असूनही जागा नाही. बाजाराचा नियम असा की पैसे टाका आणि जागा घ्या. जातीचा नियम बाजाराच्या नियमाहून मोठा ठरला. चार ओळींचा बारीक टाइपही नाकारला गेला, तिथे ठळक अक्षराची काय कथा?

बाबासाहेबांनी यावर रडगाणे गायले नाही. त्यांनी स्वतःचे शीर्ष छापले. 'मूकनायक' 1920, 'बहिष्कृत भारत' 3 एप्रिल 1927, 'समता' 1928, 'जनता' 1930, 'प्रबुद्ध भारत' 4 फेब्रुवारी 1956. ही नावे एका ओळीत वाचा. जो मुका होता तो बहिष्कृत असल्याचे जाहीर सांगतो, मग समता मागतो, मग जनता होतो आणि शेवटी प्रबुद्ध होतो. 36 वर्षांचा प्रवास पाच शीर्षकांत आहे. 'बहिष्कृत' हा शब्द लपवण्याचा होता. बाबासाहेबांनी तो अंकाच्या कपाळावर सर्वांत मोठ्या अक्षरात छापला. लाज कोणी वाटून घ्यायची, हे त्या एका निर्णयाने उलटे झाले.

आणि त्या शीर्षकाखाली काय होते? 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत. लेखनिक नाही, पुरेसा पैसा नाही, वर्गणीदार हप्ते थकवणारे. 3 फेब्रुवारी 1928 च्या अंकात त्यांनी 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असा प्रश्न समाजाला विचारला. म्हणजे वर एक मोठे नाव आणि खाली बारीक टाइपात भरगच्च युक्तिवाद, पुरावे, कायदा, धर्मग्रंथांची चिरफाड. हे प्रमाण लक्षात घ्या. ठळक अक्षर हाक मारायला, बारीक अक्षर पटवायला. हाक ऐकून जो आला, त्याच्या हाती विचार पडत असे.

25 डिसेंबर 1927 ला महाडमध्ये मनुस्मृती जाळली, तेव्हाही वेदीभोवती फलक उभारले होते, ही मनुस्मृतीची दहनभूमी आहे अशा आशयाचे. फलकावर दोन-तीन शब्द, पण त्याआधी परिषदेत ठराव, भाषणे आणि चर्चा. इथेही तेच प्रमाण.

अक्षरांसाठी माणसे मरतात का? मराठवाड्यात मेली. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे मारले गेले. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. विद्यापीठाच्या दारावर कोणाचे नाव ठळक दिसणार, या प्रश्नासाठी समाजाने जवळजवळ 16 वर्षे किंमत मोजली. आता कोणी म्हणावे की नावात काय आहे!

आणि 25 जून 2016 च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना बुलडोझरखाली गेला. बाबासाहेबांच्या छपाईचा वारसा सांगणारी ती वास्तू होती. 19 जुलैला मुंबईत मोर्चा निघाला, हजारो लोक पावसात चालले. तो राग योग्यच होता. पण छापखाना म्हणजे फक्त भिंती नव्हेत. छापखाना म्हणजे काय ठळक करायचे हे ठरवण्याची जागा.

मरोळ नाक्यावर

आता आमच्या मरोळची गोष्ट. एमआयडीसीचे गाळे, मरोळ-मरोशी रस्ता, नाक्यावर 2014 पासून मेट्रोचे स्टेशन, आणि आता खाली भुयारी मेट्रोही. इथे कामाला येणारा माणूस घाईत असतो. त्याला वाचायला तीन सेकंद मिळतात. पूर्वी अशा नाक्यांवर वस्तीतलाच पेंटर कापडावर कुंचल्याने लिहायचा. अक्षर मोजून काढावे लागे, रंग महाग होता, म्हणून शब्द निवडावे लागत. जयंतीची वेळ, ठिकाण, वक्त्याचे नाव, विषय. संपला बॅनर. नंतर संगणक आला, श्री-लिपी आली, मग फ्लेक्सचे मशीन आले. आता शब्दाला किंमत उरली नाही, चौरस फुटाला आहे.

आज 14 एप्रिलचा आपला फ्लेक्स नीट पाहा. बाबासाहेबांचा फोटो एका कोपऱ्यात. मधोमध शुभेच्छुकाचा फोटो, त्याहून मोठा. त्याचे नाव पिवळ्या ठळक अक्षरांत, काळ्या कडेसह, सावलीसह. खाली 30 कार्यकर्त्यांचे चेहरे आणि 30 नावे, तीही ठळक. सगळे ठळक, म्हणजे काहीच ठळक नाही. आणि मजकूर? हार्दिक शुभेच्छा. एवढेच. शिष्यवृत्ती अडली त्याबद्दल ओळ नाही. कंत्राटी सफाई कामगाराच्या पगाराबद्दल ओळ नाही. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 ला पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसे मारली गेली. त्या 10 नावांना आपल्या उपनगरातल्या किती फ्लेक्सवर ठळक टाइप मिळतो?

काही मित्र म्हणतील, वर्षानुवर्षे दिसू दिले नाही, आता आपली पोरे जरा झळकली तर तुमच्या पोटात का दुखते? हा प्रश्न खरा आहे आणि आम्ही तो टाळत नाही. आपल्या पोराचा चेहरा नाक्यावर दिसणे यात आत्मसन्मान आहे. सवर्ण नेत्याच्या फ्लेक्सवर बोट न ठेवता फक्त आपल्याच जयंतीला शिस्त शिकवणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पण दिसणे आणि सांगणे यांत फरक आहे. चेहरा दाखवून प्रस्थापित पक्षांचे राजकारण चालते, कारण त्यांना सांगायचे काही नसते. आपल्याला सांगायचे आहे. फ्लेक्सची ती पद्धत आपण त्यांच्याकडून उचलली आणि बाबासाहेबांची पद्धत विसरलो.

मग करायचे काय?

साधन आज कधी नव्हे इतके हातात आहे. 2014 नंतर देवनागरीचे कितीतरी चांगले टाइप मुक्त परवान्यावर, म्हणजे एक पैसा न देता मिळू लागले. मुंबईच्या एक टाइप या गटाचे 'बलू' आणि 'मोदक' हे जाड टाइप आहेत. 'मोदक' तर इतका जाड की अक्षरातली पोकळी रेघेइतकी उरते. दोन शब्दांसाठी तो उत्तम, वाक्यासाठी नको. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून प्रेरणा घेतलेला 'यात्रा वन' आहे. रोमनमध्ये स्लॅब सेरिफ आणि सोबत जुळणारी देवनागरी हवी असेल तर 'कडवा' आहे. जावजी दादाजींच्या काळात जे ओतायला वर्षे लागत, ते आज फोनवर उतरते.

म्हणून आमची प्रत्येक जयंती मंडळाला, प्रत्येक बुद्ध विहाराला विनंती आहे. फ्लेक्सवर एकच गोष्ट ठळक करा, आणि ती मागणी असू द्या, नाहीतर विचार. 'संविधानातील कलम 17 वाचले का?' एवढे एक वाक्य मरोळ नाक्यावर तीन फुटी अक्षरांत लावा आणि खाली बारीक अक्षरांत त्या कलमाचा अर्थ लिहा. अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि ती पाळणे हा गुन्हा आहे. शुभेच्छुकांची नावे असू द्या, पण शेवटच्या ओळीत, एका आकारात, अध्यक्ष आणि स्वयंसेवक सारखे. समता मागणाऱ्यांच्या फलकावर निदान नावांचा टाइप तरी समान असावा.

आणि ठळक ओळीखाली वाचायला काही ठेवा. चार पानांची पुस्तिका, वाचनालयाची वेळ, अभ्यासवर्गाचा पत्ता. नाक्यावर थांबून ज्याने आपली हाक ऐकली, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नका. 'मूकनायक'ची शंभरी 2020 मध्ये आपण वाजतगाजत साजरी केली. त्या अंकाचे नाव आपल्याला पाठ आहे. नावाखालचे रकाने वाचायचे आणि लिहायचे काम बाकी आहे.

जय भीम!